एकाच मास्तरांची दोन मुलं

अहो वहिनी, आहात का मागच्या दारी? जरा या ना कुंपणापाशी. कोथिंबीर निवडत असाल तर जुडी घेऊनच या, दोघी मिळून निवडू. फक्त हळू बोला, आमचे हे ओसरीवर पेपर वाचतायत. वाचतायत कसले, पान काही उलटत नाहीये, कान सगळा इकडे.

ऐकलंत का कालचं? गाड्या तर बघितल्या असतील तुम्ही, तुमच्या गेटसमोरच लावली होती एक, पांढरी मोठी. ह्यांच्या शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर! चाळीस वर्षांनी. ह्यांनी फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं, सगळे आमच्याकडेच या. मला कधी सांगितलं? आदल्या रात्री, दिवा मालवल्यावर. अकरा माणसं, अहो. डांगर पच्चडी झाली, सांबार झालं, पोळ्या लाटल्या पुरणाच्या, आणि फिल्टर कॉफीचं तर विचारूच नका, डवरे विसळून विसळून बोटं पांढरी झाली.

कोण कोण आलं म्हणता? मस्कतवाले आले बायकोसकट. चेन्नईचे ते डॉक्टर आले, त्यांच्याच स्वतःच्या छातीत दोन स्टेंट. आणि दिल्लीचे साहेब आले. कुठल्याशा मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेत, अजून बोलताना समोरचा उभा आहे असंच धरून बोलतात. आणि आपले कणक्कु वाद्यार! तुमच्या धाकट्याला गणित शिकवायला यायचे तेच. ते काय, गल्लीतलेच, सायकल कुंपणाला टेकवून आत.

पहिला अर्धा तास कुणाची मुलं कुठे ह्यात गेला. बोस्टन, सिंगापूर, मेलबर्न... मला वाटलं स्टेशनवरची अनाउन्समेंट चाललीय. मग तब्येती. मग प्रवास, कोण काशीला जाऊन आलं, कोण स्वित्झर्लंडला. आणि मग साहेबांनी पोळीवर तूप घालून घेता घेता वाद्यारांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘काय रे, तू अजून तिथेच? त्याच घरात?’

अहो, पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मस्कतवालीने मान खाली घातली ती पच्चडीतच. डॉक्टर पाणी प्यायला लागले, ग्लास रिकामा होता तरी. वाद्यारांचा चेहरा असा पडला... पण माणूस मोठा खमंग. घास सावकाश गिळला आणि म्हणतात कसे, ‘हो, तिथेच. तुम्ही कधी परत आलात तर पत्ता सांगायला कुणीतरी नको का इथे?’

हसले सगळे. साहेबही हसले, पण कसे, तर वरच्या ओठाने. आणि हे मला रात्री सांगतात की दहावीला साहेब वाद्यारांच्याच वहीवरून गणितं उतरवायचे! आधी नाही सांगितलं. आधी कळलं असतं तर मी तूप जरा हात आखडूनच वाढलं असतं.

तर काय सांगत होते... हां. ते हसणं झाल्यावर कुणाला काही सुचेना. तेव्हा आमचे हे, जे वर्षात चार वाक्यं बोलतात, ते उठले आणि म्हणाले, ‘चला, श्वार्ट्झ मास्तरांना भेटून येऊ.’ झालं, निघाली वरात. आपल्या तंजावूरचं शिवगंगा तलावाशेजारचं श्वार्ट्झ पाद्र्यांचं चर्च, १७७९ चं. दारात वॉचमन सांगत होता की चपला काढायची सक्ती नाही, पण आपली माणसं ऐकतात होय? सगळ्यांनी दाराशी चपलांचा ढीग घातला. ह्या चपला लक्षात ठेवा हं वहिनी, पुढे कामाला येणारेत.

आत तो संगमरवर आहे ना, लंडनच्या फ्लॅक्समनने घडवलेला? लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हापासून बघतेय, पण कालच नीट बघितला. मास्तर खाटेवर आडवे झालेत, शेवट जवळ आलाय. आपले सरफोजीराजे पगडीसकट शेजारी उभे आहेत, मास्तरांचा हात हातात धरून. उशाशी ते गेरिके पाद्री. मागे दरबारी. आणि खाटेच्या कडेला, बघितलंत का कधी, तीन पोरं! शाळेतली पोरं. एवढा राजा उभा आहे, पण माझी नजर काही त्या तीन पोरांवरून हलेना. आता मास्तर गेले १७९८ च्या फेब्रुवारीत, तेव्हा राजे वीस वर्षांचे. म्हणजे ही पोरं त्यांच्या वर्गातली नव्हेत. पण मला उगाच वाटलं, ह्यातलंच एखादं पोर म्हणजे लहानपणचा तो दुसरा...

दुसरा कोण काय विचारता! वेदनायकम. वेदनायकम शास्त्रियार. अहो, राजांचा वर्गमित्र! आमचे मामंजी सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल सोडत बसायचे, घरी आले की जेवताना हेच. त्यांच्या तोंडून मी ह्या दोघांची भानगड इतक्यांदा ऐकलीय की दोघं आपल्या शेजारच्याच बिऱ्हाडात राहायचे असं वाटतं.

ऐका तर. वेदनायकम मूळचा इथला नव्हेच, तिरुनेलवेलीकडचा. जन्म १७७४ चा, म्हणजे राजांपेक्षा तीन वर्षांनी मोठा. बाप कवी, ख्रिस्ती झालेला. १७८५ मध्ये श्वार्ट्झ मास्तर तिकडे गेले, पोराची हुशारी बघितली आणि बापाला म्हणाले, ह्याला मी तंजावूरला नेतो. अकरा वर्षांचं पोर हो! बापाच्या जिवाचं काय झालं असेल. पण दिलं. मास्तर स्वतः प्रशियातून आलेले, लग्न नाही, संसार नाही, तमिळ बोलायचे आणि इथल्या तुळजाराजांशी बोलता यावं म्हणून आपली मराठीसुद्धा शिकलेले. आपल्या शेजारची पोरं चाळीस वर्षं इथे राहून ‘तन्नी कुडुंगो’च्या पुढे जात नाहीत...

आणि इकडे राजवाड्यात काय चाललेलं? तुळजाराजांची सगळी मुलं गेलेली. १७८७ च्या जानेवारीत, स्वतः अंथरुणावर पडलेले असताना, त्यांनी भोसल्यांच्याच भाऊबंदांतला हा नऊ वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि मास्तरांना बोलावून सांगितलं, पोर तुमच्या ओटीत घालतो. थोड्याच दिवसांत राजे गेले. मग कारभार कुणाकडे, तर सावत्र भाऊ अमरसिंगाकडे. म्हणजे पोराचा काका. आम्हा पुण्याच्या लोकांना काका म्हटलं की शनिवारवाडाच आठवतो, ‘काका मला वाचवा’. इथेही तेच पाणी. दत्तकच खोटा ठरवला! बारा पंडित बसवले कंपनी सरकारने, त्यांनी माना डोलावल्या की नाही बुवा, शास्त्रात बसत नाही. झाले अमरसिंग राजे. पुढे त्याच कंपनीने बंगाल-काशीच्या पंडितांना विचारलं, तर ते म्हणाले, बसतं की शास्त्रात, चांगलं बसतं! शास्त्र तेच, वहिनी. बसणारे बदलले.

आणि पोराला ठेवलं कुठे? अंधाऱ्या खोलीत. खिडक्या बंद, दिवसाढवळ्या समई. मास्तर भेटायला गेले तर तो एवढासा जीव त्यांना विचारतो की तुमच्या युरोपात मुलांना सूर्य-चंद्र बघू न द्यायची चाल आहे का म्हणून. मामंजी इथपर्यंत आले की घास हातात तसाच राहायचा त्यांचा. सासूबाई म्हणायच्या, अहो जेवा, झालं त्याला दोनशे वर्षं.

तर त्या काळात ही दोघं मास्तरांच्या हाताखाली. एक पोर बापाने दिलेलं, एक पोर बापाने मरताना दिलेलं. शाळा म्हणावी तर शाळा, आश्रयच खरं तर. मग १७९३ मध्ये पांगापांग झाली. सरफोजीच्या जिवाला धोका नको म्हणून त्याला तुळजाराजांच्या राण्यांबरोबर मद्रासला हलवलं, तिथे गेरिके पाद्री शिकवायला. आणि वेदनायकम तरंगंबाडीला डॅनिश मिशनकडे शिकून परत इथेच, मिशनच्या शाळेत मास्तर, १७९४ पासून. विशीत पोचला न पोचला तोच पोरांना शिकवायला लागला. कळलं का, वाद्यार! त्याच गावात, त्याच शाळेत. ‘तू अजून तिथेच?’ असं त्यालाही कुणी विचारलंच असेल.

आणि चार वर्षांनी मद्रासहून परतलेला वर्गमित्र बसला तो गादीवर. १७९८ चा जून. अमरसिंगाला पाठवलं तिरुविडैमरुदूरला, कायमचं. गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी कंपनीने कागद पुढे केला. राज्याचा कारभार आमचा, तुमचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि वसुलातला पाचवा हिस्सा. सही केली. करणार काय? म्हणजे हुद्दा सगळ्यांत मोठा आणि ऑफिसच नाही. दिल्लीच्या साहेबांसारखंच म्हणा ना, फक्त त्यांना रिटायर होईपर्यंत थांबावं लागलं.

पण मला राजांचं एक आवडतं, रिकामे बसले नाहीत. पुस्तकं जमवली तीही कशी, विलायतेहून पेट्याच्या पेट्या, प्रत्येकावर इंग्रजीत सही. देवनागरीचा छापखाना काढला, इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा कुणी खिळा पाहिला होता? सांगू नका माहेरी माझ्या, नाकं मुरडतील. आणि धन्वंतरी महाल, त्यांचा दवाखाना! डोळ्यांचे रोगी, त्यांच्या नोंदी, रोगट डोळ्यांची चित्रं काढून ठेवलेली, रंगीत. मी एकदा ह्यांना म्हटलं, अहो, लहानपणी अंधारात कोंडलं म्हणूनच मोठेपणी डोळ्यांमागे लागले असतील. तर हे म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच, दोरी दिसली की गाठ मारते. असू दे. मला वाटतं ते वाटतं.

संसाराचं विचाराल तर... जवळ या जरा. राण्या दोन, यमुनाबाई आणि अहिल्याबाई. पण ओरत्तनाडचं छत्र कुणाच्या नावाचं? मुक्ताम्बाळ छत्रम्! कोण ही मुक्ताम्बाळ? राणी नव्हे हो. राजांच्या मनातली. ती गेली, जाताना म्हणे एवढंच मागितलं की माझ्या नावाने अन्नछत्र घाला. आणि राजांनी घातलं, असलं टोलेजंग की वाड्यातल्या राण्यांनी येता-जाता ते नाव ऐकावं. त्यांचे चेहरे कुठल्याच बखरीत नाहीत. मी मात्र मनात बघून घेतलेत.

मुलाचं तर आणखी. तो कलकत्त्याचा बिशप हेबर आला होता ना १८२६ च्या ईस्टरला, राजांशी इंग्रजीत शास्त्रं-पुस्तकं बोलून थक्क झालेला? तो म्हणाला, युवराजांना माझ्याबरोबर द्या. दौऱ्यावर नेतो, मग कलकत्त्याला माझ्याच घरी ठेवतो, उत्तम मास्तर लावतो. राजांनी ते उचलून धरलं. हे युवराज म्हणजे शिवाजीराजे, सतराएक वर्षांचे, त्यांनाही जायचं होतं पण बोलायची चोरी. बापलेकांनी आपसात कुजबुज केली आणि म्हणाले, आईला विचारायला हवं. दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांचा निरोप, अगदी गोड शब्दांत, की दोन मुलगे आधीच गमावलेत, हा तेवढा उरलाय तोही नाजूक, जिवंत परत यायचा नाही, मी काही पाठवत नाही. आभारी आहोत वगैरे. संपला विषय! अंधाऱ्या खोलीतून ज्यांना एका पाद्र्याने बाहेर काढलं त्यांनाही बायकोपुढे बोलता आलं नाही. आणि बिशपचं काय झालं? आठवडाभरातच तिरुचीला गेला, आंघोळीच्या हौदात उतरला तो तिथेच आटोपला, ३ एप्रिलला. राणीसाहेबांनी मान हलवली असेल बघा, सांगत नव्हते मी?

काय सांगत होते मी... हां, प्रवास. काशीला गेले राजे, १८२० मध्ये निघाले ते दोन वर्षांनी परत. लवाजमा तीन हजारांचा! काशी, प्रयाग, गया, सगळी त्रिस्थळी. त्यावर मराठी लावण्या झाल्या, आहेत अजून सरस्वती महालात. काल मस्कतवाल्यांनी काशीचे फोटो मोबाइलवर दाखवले, चारशे अठरा. लावण्या बऱ्या नाहीत का? निदान चाल तरी असते. आणि घराण्याचा इतिहास तर राजांनी १८०३ मध्ये मोठ्या देवळाच्या भिंतीवरच खोदवून घेतला, मराठीत, भिंतच्या भिंत. आपण बायोडेटा दोन पानांत बसवा म्हणून पोरांच्या मागे लागतो.

आता ह्या सगळ्यात वर्गमित्र कुठे? तिथेच हो, मिशनच्या शाळेत. पोरं शिकवतोय, कवनं रचतोय. आणि खरी गंमत तर इथेच आहे, मामंजी ही शेवटच्या ताकभातासाठी राखून ठेवायचे. कुरवंजी तुम्हाला ठाऊकच आहे. नायिका झुरत बसलेली, मग आपल्याकडे पहाटे पिंगळा येतो तशी इथे कुरत्ती येते टोपली घेऊन, हात बघते, मुलूखमुलूख हिंडलेल्या गोष्टी सांगते आणि म्हणते, मिळेल गं तुला तुझा राजा. तर वेदनायकमने १८०० च्या सुमारास केली ‘बेथलेहेम कुरवंजी’. सगळा साज तमिळ, झुरणं ते ख्रिस्तासाठी. आणि त्यात मध्येच काय घातलंय? ग्रहगोल! पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते, कोपर्निकसचं. देशोदेशींचा भूगोल.

आणि इकडे सरफोजीराजांनी स्वतः मराठीत केली ‘देवेंद्र कुरवंजी’. तिच्यात काय? तर कुरवंजी गाऊन गाऊन जगाचा भूगोल सांगते. खंडं, देश, सगळं!

लक्षात आलं का, वहिनी? दोन घरं, दोन देव, दोन भाषा, आणि सोंगात शिरलाय तो एकच भूगोलाचा तास. मी मामंजींना म्हटलं होतं, ह्यातल्या एकाने दुसऱ्याच्या वहीत बघितलेलं दिसतंय. तर ते म्हणाले, अगं, दोघांनीही मास्तरांच्याच वहीत बघितलंय. इतके खूश झाले होते स्वतःच्याच बोलण्यावर की त्या दिवशी ताक दुसऱ्यांदा मागितलं.

पण गोडीगुलाबी किती दिवस चालणार? वेदनायकमच्या घराण्यात सांगतात की राजांनी एकदा त्याला बोलावून म्हटलं, इतकं छान रचतोस, आमच्या मोठ्या देवळातल्या देवावरही एक कुरवंजी कर. आता बघा, मागणारा राजा, त्यातून बालमित्र, आणि मागितलं काय तर गाणं. हात पसरले तर अंगण सोन्याचं झालं असतं. ह्याने नाही म्हटलं. माझी वाणी एकालाच वाहिलीय म्हणाला. दरबारात कुणाकुणाचे चेहरे कसे झाले असतील! पान चघळणारे थांबले असतील मध्येच. पण राजांनी काही केलं नाही. ना रागावले, ना काढलं. मोठ्या देवळातली कुरवंजी पुढे शिवकोळुंदु देशिकरांनी रचली, ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’, तीत नायिका झुरते ती राजांसाठीच. म्हणजे काम दुसऱ्याकडून करून घेतलं आणि ह्याच्याशी अबोलाही धरला नाही. आमच्या ह्यांना मी एकदा पोळीला नाही म्हटलं होतं तर तीन दिवस...  जाऊ द्या.

मला वाटतं राजांना ते कळलं असणार. मास्तरांनी इतकं शिकवलं, प्राण वाचवला, पण राजे काही ख्रिस्ती झाले नाहीत. मास्तरांच्या कबरीवर इंग्रजीत स्वतः कविता लिहिली, सेंट पीटर्समध्ये आहे ती फरशी, आणि काशीलाही जाऊन आले. एकाला नाही म्हणायचं आणि त्याचा हातही सोडायचा नाही, हे दोघांनाही एकाच ठिकाणी शिकवलेलं.

आता पुढचं सांगू की नको... सांगतेच. वेदनायकमची बाजू मला ह्यात घेता येत नाही. जुने मास्तर गेल्यावर मिशनमध्ये नवे साहेब आले, त्यांच्याशी ह्याचं वाजलं. तक्रारी चार. तमिळ बायबल पुन्हा नव्याने का भाषांतरताय? सणाला, लग्नाला फुलं का बंद? प्रार्थनेतून तमिळ गाणी का काढता? इथपर्यंत मी त्याच्या पाठीशी, फुलं नि गाणी काढली तर देवळात उरतं काय! पण चौथी तक्रार अशी, की चर्चमध्ये सगळ्या जातींना एकत्र का बसवता. वेगळं बसायचं म्हणत होता हो, वेल्लाळ घरचा ना. इतका शिकला, ग्रह सूर्याभोवती फिरवले आणि चटई तेवढी वेगळी पाहिजे! मामंजींना हे मी एकदा बोलले तर ते गप्प झाले. आमच्या घरी त्या काळी कोण कुठे बसायचं ते त्यांनाही आठवलं असणार, मलाही आठवत होतं.

तर झालं काय, १८२९ मध्ये मिशनने नारळ दिला. पस्तीस वर्षांची नोकरी गेली. वय पंचावन्न. आता कोण विचारणार? गाव तेच, घर तेच. रस्त्यात लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं असेल, आपलं गाव काय मला माहीत नाही?

आणि विचारलं कुणी, ऐकलंत का? राजांनी. दरबारात कवी म्हणून ठेवून घेतलं. ज्याने देवावर गाणं करायला नाही म्हटलं त्यालाच! अट घातली का, मग आता तरी करतोस का म्हणून? तसलं काही मामंजींनी कधी सांगितलं नाही, आणि घातली असती तर वेदनायकमच्या घराण्याने दुसरी कथा सांगितली असती. राजांचंही वय बावन्न झालेलं. मला आपलं वाटतं, दोन म्हातारे संध्याकाळी बसत असतील, तब्येतीचं बोलत असतील, मुलाचं, काशीचं. आणि मास्तरांचं.

तीनच वर्षं पण. १८३२ मध्ये राजे गेले. आधार सुटला तो सुटला. आणि हा कवी किती जगला, सांगा बरं? १८६४ पर्यंत! एकोणनव्वद वर्षं. ज्या पोराला आईने बिशपबरोबर जाऊ दिलं नाही ते शिवाजीराजे १८५५ मध्ये मुलाशिवाय वारले, कंपनीने वाड्याला कुलपं लावली, दागदागिने, पोथ्या, सगळ्यावर सील, राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या, पार विलायतेपर्यंत लढल्या आणि हरल्या. हे सगळं बघायला वर्गातला जो ‘तिथेच’ राहिला तो होता. राज्य बुडाल्यावरही आठ वर्षं. पत्ता सांगायला म्हणा.

अगबाई, ही बघा, कोथिंबिरीऐवजी मी देठंच वाटीत टाकतेय. द्या ती जुडी इकडे.

हां, तर काल. हे सगळं ह्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, त्या संगमरवरासमोर उभं राहून सांगितलं. मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मुक्ताम्बाळ गाळली, चलाखी बघा. १८२९ वर आले आणि साहेबांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा. वाद्यार त्या तीन पोरांकडे बघत होते. कुणी कुणाकडे बघेना. मस्कतवाली माझ्या कानात म्हणते, इथे एसी नाही का हो.

मग बाहेर आलो. साहेबांना तिरुचीहून फ्लाइट, ड्रायव्हर हॉर्न देतोय, मिठ्या मारल्या, फोटो काढला, गेले. आणि ढिगात शेवटी उरल्या चपला, त्या कुठल्या? साहेबांच्या! तपकिरी, चामड्याच्या, आत सोनेरी अक्षरं. वाद्यारांच्या स्लिपर गायब. निळ्या पट्ट्याच्या, एक पट्टा दोऱ्याने शिवलेला, अहो, लांबून ओळखू येतात त्या. दोन्हींत अदलाबदल व्हायला माणूस आंधळाच हवा!

वाद्यारांनी काही त्या सोनेरी चपला पायात घातल्या नाहीत. पिशवीत घातल्या, अनवाणी गाडीत बसले आणि पिशवी आमच्या ओसरीवर ठेवून सायकलने घरी गेले. ती बघा, अजून तिथेच आहे, ह्यांच्या खुर्चीखाली.

आणि आज सकाळी सातला फोन, दिल्लीहून. मी उचलला. म्हटलं, साहेब, तुमच्या चपला राहिल्यात, कुरिअर करू का? तर म्हणतात, नको, घाई नाही. मग जरा थांबले आणि विचारतात, त्याच्या सायकलचं पंक्चर अजून त्या पॅलेसजवळच्या दुकानातच काढतो का हो तो?

आता मला सांगा, हा काय प्रश्न झाला? मी ‘हो’ म्हणून टाकलं. आणि त्यांनी ह्यांच्याकडून वाद्यारांचा नंबर घेतला. नऊला वाद्यारांची सायकल गेली इकडून, मी मुद्दाम झाडांना पाणी घालत उभी होते. पायात काय होतं म्हणता? काहीच नाही. अनवाणीच. शीळ घालत चालले होते.